तळहाताचा इतिहास

मूल पडले, की आई आधी दुखऱ्या जागेवर हात ठेवते. औषध नंतर येते. हाताची ही सवय जगभरची आणि फार जुनी आहे. विसाव्या शतकात जपानमध्ये तिला एक पद्धत मिळाली आणि नाव मिळाले ‘रेकी’. ‘की’ म्हणजे प्राणशक्ती, ‘रे’ म्हणजे दिव्य. आपल्या शहरांतून नव्वदच्या दशकात तिचे वर्ग निघाले, तेव्हा पुष्कळांना ती हजारो वर्षांची विद्या वाटली. प्रत्यक्षात तिचे वय शंभराच्या थोडे पुढे आहे.

तिचे जनक मिकाओ उसुई. जन्म १८६५ चा. १९२२ साली त्यांनी क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर एकवीस दिवस उपवास केला आणि तिथे त्यांना ही शक्ती लाभली, असे त्यांचे शिष्य सांगत. त्याच वर्षी त्यांनी टोकियोत संस्था काढली. १ सप्टेंबर १९२३ ला महाभूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाले. त्या वेळी उसुईंनी असंख्य जखमींना हात दिला, असे त्यांच्या स्मारकशिलेवर कोरले आहे. १९२६ मध्ये ते वारले. शिला पुढच्या वर्षीची.

रेकी जपानबाहेर नेली ती हवायो ताकाता या बाईंनी. हवाई बेटांवरच्या ऊसमळ्यातल्या जपानी मजुरांची ही मुलगी. तरुणपणी वैधव्य आले, प्रकृती ढासळली. १९३५ मध्ये त्या टोकियोत उसुईंचे शिष्य, नौदलातले माजी डॉक्टर चुजिरो हायाशी यांच्या उपचारकेंद्रात गेल्या, बऱ्या झाल्या आणि तिथेच शिकल्या. पुढे महायुद्ध झाले. जपानी म्हटले की अमेरिकेत कपाळाला आठ्या पडत. ताकाताबाईंच्या कथनात उसुई ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि क्योतोच्या दोशिशा विद्यापीठातले शिक्षक झाले. विद्यापीठाच्या दप्तरात मात्र तशी नोंद सापडली नाही. १९८० साली त्या वारल्या, तोवर त्यांनी बावीस गुरू तयार केले होते.

गोष्ट बदलली, पण हाताचे काय? रेकीच्याच जवळची एक अमेरिकन पद्धत आहे. तिच्यात शरीराला न लावता, थोड्या अंतरावरून हात फिरवतात आणि उपचारकाला समोरच्याची ऊर्जा जाणवते, असे मानतात. एमिली रोझा या शाळकरी मुलीने ते तपासायचे ठरवले. मध्ये पडदा उभा केला. उपचारकांनी त्यातून दोन्ही हात पुढे करायचे. ती नाणे उडवून ठरेल त्या हातावर आपला हात धरणार. तो कोणत्या हातावर आहे, हे त्यांनी ओळखायचे. एकवीस उपचारक, २८० प्रयत्न. बरोबर उत्तरे शेकडा ४४. नुसत्या अंदाजाने पन्नास आली असती. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकेच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

या प्रयोगाने स्पर्श खोटा ठरला नाही. त्याने तपासली ती अदृश्य ऊर्जा. कोणीतरी तासभर शांतपणे आपल्याजवळ बसते, घाई करत नाही, आपुलकीने हात ठेवते, तेव्हा श्वास संथ होतो, मन हलके होते. हा अनुभव खरा आहे. धोका असतो तो पुढच्या पायरीवर. गाठ, मधुमेह, क्षय यांवर हात ठेवून ‘गोळ्या बंद करा’ असे कोणी सांगितले, तर तिथून उठावे. उशीर झाला, तर तो रोग्याच्याच जिवावर बेततो.

हात उशाशी असावा, औषधही उशाशी असावे. आणि घरातल्या आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवायला कोणत्याही गुरूची दीक्षा लागत नाही.