स्कायहॉक: पाचशे मैल की ऐंशी मैल?

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना आपण बरेच जण एक चूक करतो. मीही केली आहे. एखादी वस्तू पुढे ज्या कामासाठी गाजली, त्याच कामासाठी ती बनवली होती, असं आपण गृहीत धरून चालतो. आज एका विमानाच्या गोष्टीतून ही चूक जरा जवळून बघू.

हे विमान म्हणजे अमेरिकेचं ए-४ स्कायहॉक. विमानवाहू जहाजावरून उडणारं, हलकं, एका वैमानिकाचं हल्ला करणारं जेट. व्हिएतनाम युद्धात त्याने हजारो साधे बॉम्ब टाकले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या स्कायहॉक विमानांनी ब्रिटिशांची 'कॉव्हेंट्री' ही युद्धनौका बुडवली. साहजिकच आपण म्हणतो, साध्या बॉम्बफेकीसाठी केलेलं स्वस्त आणि मस्त विमान!

आता जरा मागे जाऊ. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जेट विमानं दरवर्षी जड होत चालली होती आणि जहाजाची डेक तर तेवढीच. अमेरिकी नौदलाने नव्या विमानासाठी ३०,००० पौंड वजनाची मर्यादा घातली. डग्लस कंपनीचे अभियंते एड हाइनेमन यांनी जवळपास निम्म्या वजनाचा आराखडा पुढे केला. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत फक्त ८.४ मीटर ठेवली. त्यामुळे जहाजावर पंख दुमडायची गरजच उरली नाही, आणि दुमडायच्या यंत्रणेचं वजनही वाचलं. २२ जून १९५४ रोजी पहिलं उड्डाण झालं.

पण या विमानाचा फोटो नीट बघा. एवढंसं विमान आणि चाकांचे पाय मात्र करकोच्यासारखे लांब! का? कारण पोटाखाली एक अणुबॉम्ब टांगायचा होता आणि तेव्हाचे अणुबॉम्ब आकाराने मोठे होते. म्हणजे मूळ कल्पना होती एक वैमानिक आणि एक अणुबॉम्ब. ते युद्ध झालं नाही, मर्यादित युद्धं झाली. मग उंच पायांमुळे मिळालेल्या त्याच जागेत साधे बॉम्ब लटकले. १९७९ पर्यंत २,९६० विमानं तयार झाली. आकार लहान असल्याने छोट्या जहाजांनाही ते चाललं. आपल्या जुन्या 'विक्रांत'च्याच मॅजेस्टिक वर्गातल्या ऑस्ट्रेलियाच्या 'मेलबर्न'वर स्कायहॉक होती. 'विक्रांत'वर मात्र ब्रिटिश सी हॉक.

मूळ हेतू कागदावरच राहिला, असं समजू नका. ५ डिसेंबर १९६५ रोजी 'टिकॉन्डेरोगा' हे जहाज व्हिएतनामहून जपानच्या योकोसुका बंदराकडे जात होतं. सरावात एक स्कायहॉक ढकलून लिफ्टवर नेताना ते घरंगळलं आणि समुद्रात पडलं. आत वैमानिक होता, पोटाखाली अणुबॉम्ब होता. तिथे समुद्र सुमारे ४,९०० मीटर खोल. वैमानिक, विमान, बॉम्ब, काहीच हाती लागलं नाही.

आता आपल्या कामाचा भाग. १९८१ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने ही घटना मान्य केली, पण जागा सांगितली ती जमिनीपासून ५०० मैलांहून जास्त दूरची. १९८९ मध्ये संशोधकांनी नौदलाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कळलं की अपघात जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून साधारण ८० मैलांवर झाला होता. अणुबॉम्ब झेललेल्या देशात खळबळ माजली आणि जपान सरकारने खुलासा मागितला.

यातून दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. पहिली: वापरावरून हेतू ठरवू नका, वस्तूकडेच बघा, इथे लांब पाय हाच पुरावा होता. दुसरी: सरकारी अहवाल खोटाच असतो असं नाही, पण तो नंतर, कुणाला तरी उत्तर द्यायला लिहिलेला असतो. जहाजावरची नोंद त्या दिवशीची, रोजच्या कामाची असते. दोन्ही समोर ठेवल्याशिवाय तुमचं वाक्य पक्कं होत नाही.

तुमच्या विषयातले 'लांब पाय' कुठले? प्रस्ताव लिहायला बसण्याआधी तेवढं शोधा.