संगणकात नवा भाग घालावा काय?



इतिहासाच्या व्याख्यानात टेबलावरच्या संगणकाला जागा कशी, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि मोहिमा उभ्या राहतात. परंतु ज्या यंत्राने गेल्या चार-साडेचार दशकांत कचेऱ्यांचे, छापखान्यांचे आणि घराघरांचे व्यवहार बदलून टाकले, त्याच्या खरेदीलाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. आहे तो संगणक मंद वाटू लागला तर त्यात नवा भाग घालावा, अख्खा संगणकच बदलावा, की आहे त्यावर भागवावे? दुकानदाराला विचारावे तर त्याचे उत्तर ठरलेले. आणि कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांना विचारावे तर त्यांचेही ठरलेलेच! म्हणून म्हटले, इतिहासालाच विचारून पाहू.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्क येथे आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. त्याचा प्रोसेसर होता इंटेलचा ८०८८, आणि त्याची गती ४.७७ मेगाहर्ट्झ. या यंत्रात नवी कार्डे बसवण्यासाठी पाच स्लॉट ठेवले होते. यंत्र पुढे वाढवता यावे ही कल्पना काही आयबीएमची एकटीची नव्हे. १९७७ च्या ‘ॲपल टू’ मध्ये असे आठ स्लॉट होते. परंतु आयबीएमच्या यंत्रात आणखी एक गंमत होती. मुख्य पाटीवर प्रोसेसरच्या शेजारी एक रिकामे सॉकेट होते. तेथे ८०८७ नावाची, अपूर्णांकांचे गणित झपाट्याने करणारी दुसरी चिप बसवता येई. रिकामी जागा पाहिली की ती भरावीशी वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. पण ही चिप स्वतःहून काहीच करीत नसे. प्रोग्रॅम लिहिताना तिला काम सांगितलेले असेल तरच ती जागी होई. आराखडे काढणाऱ्या इंजिनिअरला ती वरदान ठरली; ज्याला पत्रे टाइप करायची होती त्याचे पत्र मात्र पूर्वीइतक्याच वेळात होई.

त्याच यंत्राने दुसराही धडा दिला. त्याचा पॉवर सप्लाय होता अवघा ६३.५ वॅटचा. ज्यांनी पुढे त्यात हार्ड डिस्क बसवायचे मनावर घेतले, त्यांना बहुधा पॉवर सप्लायही बदलावा लागे. १९८३ साली आयबीएमने ‘एक्सटी’ हे यंत्र १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आणले, तेव्हा त्यात १३० वॅटचा सप्लाय घातला. एका भागाची किंमत काढून आपण निघतो आणि वाटेत दुसरा भाग हात पुढे करून उभा असतो, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

पण नमुनेदार म्हणावी अशी कथा १९९१ ची. इंटेलने त्या वर्षी ४८६ एसएक्स नावाची स्वस्त चिप बाजारात आणली. ती मुळात १९८९ ची ४८६ च. फक्त आरंभीच्या चिपांत गणिताचा भाग बंद करून ठेवलेला. पुढे कोणाला गणिताची गरज पडली तर त्याने ४८७ एसएक्स ही ‘जोडचिप’ घ्यावी अशी व्यवस्था होती. आता ही जोडचिप म्हणजे काय? ती स्वतःच एक संपूर्ण ४८६ होती. ती सॉकेटात बसली की शेजारची जुनी चिप निजवून सगळे काम स्वतः करू लागे. भाडेकरू ठेवावा आणि त्याने घरमालकाला माळ्यावर झोपवावे, तसला हा प्रकार! ग्राहकाने पैसे मोजले दोन प्रोसेसरांचे, राबत होता एकच. ज्याने आधीच विचार करून पूर्ण ४८६ घेतली, त्याच्या मागे हे लचांड लागले नाही.

मग एखाद्या भागाने किती फरक पडेल हे आधी ओळखायचे कसे? वसंतातल्या सभा काही आपल्याकडेच भरतात असे नाही. १९६७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे संगणकशास्त्रज्ञांची वासंतिक परिषद भरली होती. तेथे आयबीएमचे जीन अमडाल यांनी एक छोटा निबंध वाचला. विषय होता पुष्कळ प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावण्याचा; पण त्यातून निघालेला नियम आपल्या घरगुती प्रश्नालाही चपखल लागू पडतो. कामाच्या ज्या भागाला तुम्ही वेग देता, तो भाग मुळात किती वेळ खातो, यावर सगळा लाभ अवलंबून असतो. समजा, एका कामाला शंभर सेकंद लागतात. त्यांपैकी वीस सेकंद प्रोसेसर राबतो आणि सत्तर सेकंद डिस्कची वाट पाहण्यात जातात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घातलात तर वाचतील दहा सेकंद. अनंत वेगाचा घातलात तरी वीसच. विहिरीला झरे बेताचेच असतील, तर मोटेला चार बैल जोडून पाणी वाढत नाही.

हे मला उशिरा उमगले, ते घरच्या संगणकामुळे. सुरू केला की चहा होऊन पिऊन होई, तरी तो कामाला लागत नसे. दुकानदार म्हणाले, “साहेब, जुना झालाय, नवा घेऊन टाका.” मी मात्र टास्क मॅनेजर उघडून दोन दिवस नुसता पाहत बसलो. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटलेला, प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर रेंगाळत होता आणि रॅम अर्धी रिकामी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी हवी ती जागा सुईखाली आणायला सरासरी चार मिलिसेकंद घेते. सुई सरकण्याचा वेळ निराळाच. तेवढ्यात तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे सव्वा कोट ठोके पडून जातात! फिरती तबकडी काढून एसएसडी घातली आणि चार मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटावर आले. पण म्हणून प्रत्येकाने उठून एसएसडी घ्यावी असे मी म्हणणार नाही. १९९५ साली विंडोज ९५ आली तेव्हा कंपनीने किमान ४ मेगाबाइट रॅम सांगितली होती. तेवढ्यावर ती चालविणाऱ्यांचा संगणक सारखा डिस्ककडे धाव घेई. तेथेही खडखडाट डिस्कचा होता, पण उणीव रॅमची होती. लक्षण एका ठिकाणी आणि रोग दुसऱ्या ठिकाणी, हे वैद्यांना नवे नाही.

आतापर्यंत मी वेगाचेच बोललो. परंतु काही भाग वेगासाठी घेतले जात नसत. पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड आपल्यापैकी ज्यांनी नव्वदीच्या दशकात कचेरीत काम केले त्यांना आठवत असेल. त्याचे मूळ संशोधन आयआयटी कानपूरचे. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाल्यावर ते पुण्यात आले. हे कार्ड स्लॉटमध्ये बसवले की डॉसवर चालणाऱ्या, इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी अक्षरे उमटत. यंत्र तसूभरही जलद होत नसे. पण जे काम अशक्य होते ते शक्य होई. मराठीत कारभार करणाऱ्या कचेरीला त्या कार्डाची किंमत सेकंदांत मोजता आली नसती. पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय यंत्रणेतच आली, नव्या मदरबोर्डांवरून ते जुने स्लॉट नाहीसे झाले, आणि कार्डे कपाटात गेली. त्यांनी आपले काम केले होते.

एक मोठा पालट मात्र ध्यानात घ्यायला हवा. १९८१ चे ४.७७ मेगाहर्ट्झ २००२ च्या अखेरीस ३.०६ गिगाहर्ट्झ झाले होते. म्हणजे एकवीस वर्षांत सुमारे ६४० पट. त्या काळी चार वर्षांचा संगणक खरोखरच म्हातारा होई. पुढे उष्णता आवरेना. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेतच सोडून दिला, आणि तेव्हापासून हा आकडा दुपटीच्या आसपासच घुटमळला. सुधारणा झाल्या त्या अधिक कोअर, मोठी कॅश अशा अन्य वाटांनी. त्यामुळे पत्रव्यवहार, हिशेब आणि वाचन यांसाठी आठ-दहा वर्षांचे यंत्रही पुरू लागले.

आणि नेमके अशा वेळी दार दुसऱ्याच बाजूने बंद झाले. २०२१ च्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि, इंटेलपुरते बोलायचे तर, बहुतांशी २०१७ च्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर मागितले. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली; घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास आणखी एक वर्ष देण्यात आले. टीपीएम पुष्कळदा बायॉसमध्ये नुसते बंद असते, ते चालू करायला पैसा लागत नाही. पण प्रोसेसरच जुना असला तर मदरबोर्ड बदलणे आले. जुन्या डीडीआर-३ रॅमची पट्टी नव्या खाचेत बसत नाही, म्हणून रॅमही आली. आणि यंत्रासोबत मिळालेला विंडोजचा परवाना जुन्या मदरबोर्डाला बांधलेला असतो, तोही गेला. उरले काय? डबा आणि पंखा!

माझ्या घरचा तो एसएसडी घातलेला संगणक सातव्या पिढीचा निघाला. त्यावर आता लिनक्स आहे, आणि सौभाग्यवती भगिनीमंडळाची इतिवृत्ते त्यावरच टाइप करतात. दुकानदार परवा रस्त्यात भेटले होते. त्यांनी विचारपूस केली, मीही केली, संगणकाचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.