अखेर दिनांक : ३१-१२-९९९९

पगाराचं सॉफ्टवेअर हाताळणाऱ्या माणसाने ३१ डिसेंबर ९९९९ ही तारीख हजारदा पाहिलेली असते. मूळ वेतन, हुद्दा, घरचा पत्ता, प्रत्येक नोंदीला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा. आणि चालू नोंदीची 'पर्यंत' थेट दहा हजार सालाच्या उंबरठ्यावर. साठीला निवृत्त होणारे गृहस्थ तोवर त्याच पत्त्यावर राहणार, असं यंत्र बिनदिक्कत धरून चालतं. बढती मिळाली की आदल्या दिवसाची तारीख घालून जुनी ओळ बंद करायची, सॅप हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या बोलीत 'डिलिमिट' करायची, आणि नवी ओळ पुन्हा ९९९९पर्यंत मोकळी सोडायची.

रकाना रिकामा का नाही ठेवत? कारण रिकाम्या रकान्याशी तुलना केली की डेटाबेस धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. मग प्रत्येक प्रश्नाला 'किंवा रिकामा असेल तर' हे शेपूट लावावं लागतं. त्यापेक्षा वर्षाच्या चार घरांत मावेल तो सर्वांत मोठा आकडा ठोकून दिलेला बरा. वर्षाला दोनच घरं होती तेव्हा नऊ-नऊच भरले जात. म्हणून तर ९ सप्टेंबर १९९९ या दिवसाचाही अनेकांनी धसका घेतला होता: चार नवांना यंत्रं 'इथे संपलं' समजतील म्हणून. काही झालं नाही.

पण मुळात जुनी ओळ जपायचीच कशाला? बराच काळ कुणी जपतही नव्हतं. डिस्क महाग, त्यामुळे जुन्या आकड्यावर नवा आकडा लिहायचा आणि मोकळं व्हायचं. १९८१ साली जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने व्यवहारांवरच्या आपल्या निबंधात या सवयीला विषारी सफरचंद म्हणावं का, असा प्रश्न टाकला. हिशेबनीस वहीत खाडाखोड करत नाहीत. चूक झाली तर ती तशीच ठेवून उलट नोंद टाकतात, याची त्याने आठवण दिली. म्हणजे जे मुनीमजींना पाठ होतं, ते डिस्कच्या काटकसरीपायी संगणकवाले विसरले होते.

खरी गाठ सुटली ती १९८५ साली. रिचर्ड स्नॉडग्रास आणि इल्सू आन यांनी डेटाबेसमधल्या काळाची फोड केली: एक काळ गोष्ट जगात खरी असण्याचा, दुसरा ती डेटाबेसात नोंदली गेल्याचा. ऐकायला जड वाटतं, पण आपल्याकडे महागाई भत्ता घेणाऱ्या प्रत्येकाला हे अंगवळणी पडलेलं आहे. केंद्राने १६ ऑक्टोबर २०२४ रोजी भत्ता ५० टक्क्यांवरून ५३ टक्के केला, तो १ जुलैपासून. मूळ वेतन ५०,००० असेल तर महिना १,५०० रुपये वाढले, आणि जुलै ते सप्टेंबरचा फरक झाला ४,५०० रुपये. आता जुलैची पगारपावती चूक होती का? छे! त्या दिवशी दर ५०च होता. पण आज जुलैचा दर विचारला तर उत्तर ५३. जुन्या आकड्यावर नवा गिरवला असता तर ती पावती कुठल्या हिशेबाने निघाली हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि फरक तरी कशातून काढणार?

आपल्या तलाठ्याच्या दप्तरात ही दोन काळांची वहिवाट जुनी आहे. नातं काही नाही, स्नॉडग्रासने गाव नमुना ६, म्हणजे फेरफारांची वही, पाहिली असेल असं मी म्हणत नाही. पण वारसाची फेरफार नोंद उघडा: खातेदार मयत झाल्याची तारीख वेगळी, नोंद धरल्याची वेगळी, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केल्याची आणखी वेगळी. आणि सातबाऱ्यावर जुनं नाव पुसत नाहीत, पूर्वी त्याला कंस करत, आता त्यावर आडवी रेघ मारतात. नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक. त्या क्रमांकाचा माग काढत वकील तीन पिढ्या मागे जातो.

संगणकाच्या जगात पुढचा रस्ता सरळ नव्हता. बर्कली विद्यापीठातल्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जुन्या ओळी राखून मागच्या तारखेचं चित्र दाखवायची सोय जन्मापासूनच होती. ती जागा खाई, वेग मारी. १९९७च्या सुमारास ६.२ आवृत्तीत काढून टाकली. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या प्रमाणात दोन्ही काळ आले ते २०११ साली, म्हणजे फोड झाल्यावर तब्बल २६ वर्षांनी. दरम्यान प्रत्येक कंपनीने आपापली 'पासून-पर्यंत' रचून घेतली होती, म्हणूनच त्यांचे सांधे अजून कुरकुरतात. आणि पोस्टग्रेस? २०२५च्या १८व्या आवृत्तीत त्याने मुदती एकमेकींवर चढू न देण्याची सोय दिली.

सगळ्यांत चिवट भांडण मात्र 'पर्यंत'चं. पगारवाल्यांच्या लेखी '३१ जुलैपर्यंत' म्हणजे ३१ धरून. एसक्यूएलचं प्रमाण मात्र शेवटचा दिवस मुदतीत धरत नाही. तिथे तीच मुदत १ ऑगस्टला संपते, आणि पुढची नोंदही १ ऑगस्टलाच सुरू होते. मला हीच रीत बरी वाटते. मधे फट राहत नाही, आणि तारखेऐवजी तास-मिनिटं आली तरी गणित मोडत नाही. पण एका प्रणालीतली माहिती दुसरीत नेताना हा एक दिवस मिळवायचा किंवा वजा करायचा राहून गेला, की १ ऑगस्टला माणसाचे दोन हुद्दे होतात, नाहीतर ३१ जुलैला एकही उरत नाही.