'आयँब' आणि लघु-गुरू : एका पर्यायाचा इतिहास

इंग्रजी पद्यरचनेचा परिचय मराठीतून करून देताना 'आयँब' म्हणजे एक लघू व त्यापुढे एक गुरू अक्षर, अशी व्याख्या सामान्यतः दिली जाते. ती चुकीची आहे असे एकदम म्हणता येत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. ही व्याख्या ग्रीक आयँबला तंतोतंत लागू पडते. इंग्रजी आयँबला मात्र जवळजवळ लागू पडत नाही.

ग्रीक पद्य संस्कृत पद्याप्रमाणेच उच्चारकालावर उभे होते. ऱ्हस्व अक्षरापुढे दीर्घ अक्षर आले की आयँब सिद्ध होई. इ. स. पूर्व सातव्या शतकातील आर्किलोकसच्या काळी या नावाला निंदाव्यंजक, उपहासगर्भ कवितेचा वास होता. पुढे हेच वृत्त शोकात्मिकेतील संवादांचे वाहन झाले आणि ते बोलण्याच्या सर्वांत जवळचे आहे, असा निर्वाळा ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त दिला. सोळाव्या शतकात इंग्रजांनी ही परिभाषा लॅटिनमार्फत उचलली. पण त्यांच्या भाषेत पद्याचा आधार कालमान नसून आघात होता. शब्द तोच राहिला, अर्थ पालटला : ऱ्हस्व-दीर्घाच्या जागी निराघात-साघात आले. मराठी अभ्यासकाने त्याला लघु-गुरू हा पर्याय दिला, तेव्हा त्याने नकळत इंग्रजांच्या मागे जाऊन ग्रीकांशी नाते जोडले.

या गोंधळाची प्रचिती घेण्यासाठी ग्रंथालयात जावे लागत नाही. 'सिटी' किंवा 'मनी' हे शब्द घ्यावेत. शब्दान्ती इकार दीर्घ लिहिण्याच्या आपल्या प्रथेने दोन्ही लघु-गुरू ठरतात, म्हणजे मराठी हिशेबाने अस्सल आयँब. इंग्रजीत मात्र दोहोंचा आघात पहिल्या अक्षरावर असल्यामुळे ते आयँबच्या नेमके उलट, 'ट्रोकी' होत. 'हॉटेल'ची तऱ्हा याच्या विरुद्ध आहे. इंग्रजीत तो आयँब. मराठी कानाला 'हॉ' आणि 'टे' ही दोन्ही अक्षरे गुरू. मराठीत आघात नाही असे नव्हे, परंतु तो क्षीण आहे आणि त्यावरून अर्थभेद होत नाही. त्यामुळे आपले वृत्तशास्त्र त्याची दखलच घेत नाही.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात ही गोष्ट अधिक स्पष्ट व्हावी. तेथे मराठी आणि उर्दू शेजारी नांदतात. मराठीचा विद्यार्थी चार यगणांचे भुजंगप्रयात शिकतो. उर्दूचा विद्यार्थी चार वेळा 'फऊलुन' म्हणत बहर-ए-मुतक़ारिब शिकतो. दोघांच्या परिभाषेत एकही शब्द समान नाही, पण मोजमाप एकच आहे : लघु-गुरू-गुरू, चार वेळा. हे दोघे एकाच बाकावर बसून एकमेकांचे पद्य मोजू शकतील. इंग्रजी कविता समोर आली की मात्र दोघांचीही मोजपट्टी सारखीच निकामी ठरते. (कापडाचा 'मीटर' आणि कवितेचे 'मीटर' ही दोन्ही एकाच ग्रीक 'मेत्रोन'ची लेकरे, पण कापडाचे मीटर तरी सर्वत्र सारखे असते.)

परिभाषेतील दुसरा सापळा 'फूट' या संज्ञेचा आहे. तिचे शब्दशः भाषांतर पाद किंवा चरण असे होते. आपल्याकडे पाद म्हणजे श्लोकाचा चतुर्थांश, अर्थात संपूर्ण ओळ. इंग्रजी 'फूट' म्हणजे ओळीतील लहानसा गट. त्याला जवळचा शब्द 'गण' होय. पण गण तीन अक्षरांचे आणि आठच. डॅक्टिल म्हणजे भगण, अनापेस्ट म्हणजे सगण अशी जोडी लावता येते. दोन अक्षरांच्या आयँबला मात्र या व्यवस्थेत नावच नाही. वास्तविक प्रमाणिका हे आठ अक्षरांचे वृत्त म्हणजे चार लघु-गुरू जोड्या, आणि पंचचामर म्हणजे अशा आठ. पण गणांनी मोजताना प्रमाणिका 'ज, र, ल, ग' अशी तुटते आणि तिच्यातील द्व्यक्षरी ठेका डोळ्यांआड होतो.

हा ठेका पुन्हा ऐकू येऊ लागला तो माधव जूलियन यांच्या 'छंदोरचने'मुळे. १९२७ साली निघालेल्या आणि १९३७ साली विस्तारलेल्या या ग्रंथात गणांच्या घोकंपट्टीपलीकडे जाऊन मात्रांच्या आवर्तनांवर भर देण्यात आला. फारसीचे अध्यापक आणि 'फारसी-मराठी कोशा'चे कर्ते असलेल्या या कवीला गणांखेरीज दुसरी मापनपद्धती अवगत होती, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. आवर्तनाच्या दृष्टीने दोन लघु-गुरू जोड्या सहा मात्रांच्या होतात. ग्रीकही आयँब जोडीनेच मोजत. म्हणून त्यांच्या त्रिमितीत सहा आयँब असत, तर इंग्रजीच्या 'ट्रायमीटर'मध्ये तीनच!

कवींनी काय केले, हा प्रश्न परिभाषेहून महत्त्वाचा आहे. केशवसुतांनी १८९२ मध्ये इंग्रजी सॉनेट मराठीत आणले आणि पुढे ते 'सुनीत' म्हणून रुजले. चौदा ओळी आल्या, यमकांची गुंफण आली, शेवटची कलाटणीही आली. आयँब आला नाही. मराठी सुनीताला शार्दूलविक्रीडित विशेष मानवले. त्याची ओळ एकोणीस अक्षरांची, इंग्रजी ओळ दहांची. म्हणजे चौदा ओळींत १४० अक्षरांच्या जागी २६६ अक्षरांचा पसारा. मराठी सुनीताचा भारदस्तपणा, आणि कित्येकदा त्यातील विशेषणांची भरतीही, या आकड्यांतूनच उगवलेली आहे.

'ब्लँक व्हर्स'च्या बाबतीत तर संज्ञाच बोलकी आहे. पाच आयँबांची ओळ आणि यमकाचा अभाव, अशी त्याची दोन लक्षणे. मराठीने त्याला 'निर्यमक' म्हटले; बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांच्या १८६१ च्या 'मेघनादवध'मुळे 'अमित्राक्षर' हा शब्द रूढ झाला. दोन्ही नावे केवळ काय नाही तेवढेच सांगतात. यमक गेले की ब्लँक व्हर्स साधले, ही समजूत त्यातून बळावली. रेंदाळकरांची निर्यमक रचना किंवा सावरकरांचे वैनायक वृत्त यांची चिकित्सा यमकाच्या प्रश्नाभोवतीच घोटाळत राहते, ती बहुधा यामुळेच. ओळीला आतून कोण सावरते, हे विचारायचे राहून जाते.

आयँबचे मराठी प्रतिरूप शोधायचेच, तर ते प्रमाणिकेत सापडणार नाही. प्रमाणिका म्हटली जाते, बोलली जात नाही. आयँबचे खरे कार्य बोलण्याला ठेका देणे हे आहे. आपल्याकडे ते अक्षरछंदाने केले. ओवी-अभंगात लघु-गुरूंचा भेद मावळतो, सर्व अक्षरे सारखी लांबवून उच्चारली जातात, आणि गटाच्या आरंभी आवाज किंचित दाबला जातो. अनिलांच्या 'भग्नमूर्ती'ने १९४० मध्ये मुक्तछंदाला दीर्घकाव्याचे बळ दिले, तेही अक्षरछंदाच्याच वाटेने. ना. ग. जोशी यांनी मराठी छंदोरचनेचा लयदृष्ट्या पुनर्विचार केला. परंतु त्यानंतरही आयँबचा पर्याय मात्र लघु-गुरू हाच राहिला. 'निराघात-साघात' हा शब्द लांबलचक आहे, कानाला रुक्षही लागतो. पण 'सिटी' कोणत्या बाजूला टाकायचा, हे तो अचूक सांगतो.