चामड्याच्या टिकलीची भूमिती

तीस वर्षं मी पदार्थविज्ञान शिकवलं, पण घर्षण म्हणजे काय ते मला पुण्यातल्या एका जिमखान्यात, तिथल्या बिलियर्ड्सच्या मार्करकाकांमुळे उमगलं.

त्यांनी पांढरा बॉल बरोबर मध्यावर मारला. वीतभर अंतरावरच्या लाल बॉलला तो समोरासमोर लागला. लाल निघून गेला, पांढरा जागच्या जागी थबकला. मग त्यांनी लाल बॉल पार दुसऱ्या टोकाला ठेवला. फटका तोच, पण या वेळी पांढरा लालच्या मागोमाग चालू लागला. "बघा सर, वाटेत त्याला कापडानं फिरवलं."

अगदी खरं. मध्यावर मारलेला बॉल आधी नुसता घसरतो. खालून कापड त्याला अडवतं, त्याचा वेग घटतो, फिरणं वाढतं. मूळ वेगाच्या 5/7 वर आला की घसरणं संपून तो गडगडू लागतो. पहिल्या क्षणापासून गडगडायला हवा असेल तर उंचीच्या 7/10 वर मारायचा, म्हणजे 52.5 मिलिमीटरच्या बॉलवर साधारण 37 मिलिमीटर उंचीवर.

हे सगळं गणित गास्पार गुस्ताव कोरिओलिसनं 1835 साली एका आख्ख्या पुस्तकात मांडलं. वाऱ्यांची दिशा वळवणाऱ्या बलाला ज्याचं नाव आहे, तोच हा. पण मला वाटतं, चाळीस वर्षं आधी हे पुस्तक लिहून उपयोग झाला नसता. तेव्हा क्यूचं टोक उघडं लाकूड होतं, मध्य सोडून जरा बाजूला मारलं की ते निसटायचं. फ्रांस्वा मेंगो नावाच्या फ्रेंच कॅप्टननं तुरुंगात असताना खेळून खेळून त्या टोकाला चामड्याची टिकली बसवली. टिकली बॉलला धरू लागली, आणि फिरकी खेळाडूच्या हातात आली.

टेबलाचंही तसंच. लाकडी फळ्या हवेप्रमाणे वाकायच्या. 1826 च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टननं खाली पाटीचा दगड घातला, तेव्हा सरळ रेघ खरोखर सरळ राहिली. टेबलाच्या कडांवरची रबराची कुशन 1835 ची, कोरिओलिसच्या पुस्तकाच्याच वर्षातली. थंडीत ती कडक होत, म्हणून खेळाआधी गरम पाण्याच्या भांड्यांनी शेकावी लागत. गंधक घालून पक्कं केलेलं रबर 1845 मध्ये कुशनमध्ये आलं आणि तो त्रास मिटला. तरी जितक्या कोनात जाईल तितक्याच कोनात परत येईल हा शाळेतला नियम इथे पुरता लागू पडत नाही. जोरात मारला तर रबर दबतं आणि बॉल काटकोनाच्या जास्त जवळून परत येतो.

कोरिओलिसनं आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती. क्यू जवळजवळ उभा धरून मारलं तर बॉल आधी पॅराबोलावरून वळतो, आणि घसरणं थांबलं की सरळ जातो. कापड फाटेल म्हणून काका हा फटका कुणाला मारू देत नसत. कापड बदलायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. टिकलीला दोनदा चॉक लावला, क्यू उभा धरला आणि वरून टोला हाणला. पांढरा बॉल मधल्या बॉलला वळसा घालून गेला, क्षणभर कापडावर पकड शोधल्यासारखा थरथरला आणि मग पट्टी लावून आखावं तसा सरळ लालकडे निघाला.

मी म्हटलं, "काका, पुन्हा एकदा."

त्यांनी बॉल उचलून पहिल्या जागी ठेवला.