पोटमाळ्यावरचं पीप

आजच्या विषयाचं नाव कळल्यावर दोघातिघांनी विचारलं की, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, तुमचा रसायनांच्या बाटल्यांशी काय संबंध? संबंध आहे. एखादी पांढरी पावडर समोर ठेवली आणि विचारलं की, ही काय आहे हे तुम्हांला कसं कळलं, तर तो आमच्याच शास्त्रातला प्रश्न होतो. फक्त आमच्या वर्गात उत्तर चुकलं तर दोन गुण जातात. तिथे माणूस जातो.

पावडर कोणती, तर सोमल. आर्सेनिक ट्रायऑक्साइड. दिसायला मैद्यासारखी किंवा पिठीसाखरेसारखी. वास नाही, चवही जवळजवळ नाही. तांबं आणि कथिल यांची खनिजं भाजताना निघणारा धूर थंड झाला की चिमणीत हीच पांढरी भुकटी साचते. म्हणजे हा टाकाऊ माल, म्हणून स्वस्त. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये उंदीर मारायला ती सर्रास विकली जायची. एक-दोन चिमटींत माणूस मरतो.

आता चला ब्रॅडफर्डला. यॉर्कशरमधलं लोकरीच्या गिरण्यांचं गाव, साल 1858. जोसेफ नील नावाचा माणूस पेपरमिंटच्या गोळ्या बनवायचा. साखर महाग होती, म्हणून तिच्यात ‘डॅफ’ मिसळत. डॅफ म्हणजे जिप्समची वगैरे भुकटी. भेसळच ती, पण सगळेच करत, आणि तिने कुणी मरत नसे. नीलने आपल्याकडे राहणाऱ्या एकाला डॅफ आणायला तीन मैलांवर शिपलीला पाठवलं, चार्ल्स हॉजसन या औषधविक्रेत्याकडे. हॉजसन आजारी होता. दुकानात होता त्याचा तरुण मदतनीस, विल्यम गॉडर्ड. डॅफ कुठे आहे, असं त्याने मालकाला विचारलं. मालकाने सांगितलं, पोटमाळ्यावर, कोपऱ्यात, पिपात.

हे उत्तर जरा नीट ऐका. पिपात काय आहे हे पिपावरून कळायचं नव्हतं, ते जागेवरून कळायचं होतं. वस्तूचं नाव म्हणजे कोपरा! आणि तो कोपरा नेमका कोणता, हे खाली पडून असलेल्या एका आजारी माणसालाच माहीत. गॉडर्ड वर गेला, पीप सापडलं, त्याने 12 पौंड पावडर मोजून दिली. सुमारे साडेपाच किलो. तो सोमल होता.

पुढचं सांगताना अजूनही कसंसंच होतं, कारण वाटेत थांबायच्या संधी आल्या होत्या. गोळ्या करणारा कारागीर जुना, अनुभवी. त्याच्या लक्षात आलं की माल नेहमीसारखा दिसत नाही. त्याला स्वतःला उलट्याही झाल्या. तरी 40 पौंड गोळ्या तयार झाल्या. त्या विकत घेणारा हार्डेकर, बाजारात ‘हंबग बिली’ म्हणून ओळखला जाणारा. त्यालाही रंग वेगळा वाटला. त्याने काय करावं? भाव पाडून मागितला! शनिवार, 30 ऑक्टोबरला त्याने बाजारात त्यातल्या 5 पौंड विकल्या. पहिल्यांदा मुलं दगावली तेव्हा लोकांना कॉलरा वाटला. शेवटी सुमारे 20 माणसं गेली, 200च्या आसपास आजारी पडली. हॉजसनवर मनुष्यवधाचा खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. सुटणारच होता, कारण त्याने कुठला कायदा मोडला होता?

कायदा नव्हता असं नाही बरं का. 1851 सालीच आर्सेनिकच्या विक्रीचा कायदा झालेला होता. विकणाऱ्याने वहीत नोंद करायची, गिऱ्हाइकाची सही घ्यायची, अनोळखी माणसाला साक्षीदाराशिवाय द्यायचं नाही. आणि सोमल पांढरा राहू नये म्हणून विकण्यापूर्वी त्यात काजळी किंवा नीळ मिसळायची: पौंडाला एक औंस काजळी, नाहीतर अर्धा औंस नीळ. कल्पना चांगलीच होती. पण हा सगळा बंदोबस्त विक्रीच्या क्षणाचा. ज्याला आपण सोमल विकतोय हेच माहीत नाही, तो वही कशाला उघडेल आणि काजळी कशाला मिसळेल?

आता आमच्या माणसाकडे येऊ. जॉन स्टुअर्ट मिल. आगरकरांच्या पिढीने ज्याला डोक्यावर घेतलं तोच. याच कायद्याच्या मसुद्यात सोमल फक्त प्रौढ पुरुषांना विकावा अशी दुरुस्ती आली होती, तेव्हा मिलने गृहमंत्र्यांना पत्र लिहून कडक विरोध केला होता. पुढे ते कलम गळलं. आणि ब्रॅडफर्डनंतर काही महिन्यांतच, 1859 साली, त्याचा ‘ऑन लिबर्टी’ हा ग्रंथ आला. त्यात विषविक्रीची चर्चा आहे. मिलचं म्हणणं असं की, बाटलीवर ‘हे धोक्याचं आहे’ अशी चिठ्ठी लावायची सक्ती केली तर कुणाच्याही स्वातंत्र्यावर गदा येत नाही, कारण आपण विकत घेतोय ते विष आहे हे आपल्याला कळूच नये, असं कुठल्याच गिऱ्हाइकाला वाटणार नाही.

आम्ही हा युक्तिवाद बरीच वर्षं शिकवला, आणि ब्रॅडफर्डची हकिकत वाचेपर्यंत त्यातली फट दिसली नव्हती, हे कबूल करायला हवं. चिठ्ठी गिऱ्हाइकासाठी, हे मिलने धरून चाललेलं आहे. दुकानदाराला तर माहीत असतंच, असं त्याने मानलं. पण दुकान म्हणजे एक डोकं नसतं. तिथे मालक असतो, नोकर असतो, आजारपण असतं, अंधारा पोटमाळा असतो. पहिली चिठ्ठी हवी होती ती घरातल्या पिपावर, घरातल्याच माणसासाठी.

1868च्या फार्मसी कायद्याने विकलेल्या विषावर नाव, ‘विष’ हा शब्द आणि विक्रेत्याचा पत्ता सक्तीचा केला. दुकानाच्या आत विष कसं साठवावं याचे नियम मात्र औषधविक्रेत्यांच्याच विरोधामुळे बरीच वर्षं रखडले. त्यांना तो आपल्या अकलेचा अपमान वाटला! सुचवलेले उपाय साधेच होते: कुलपाचं कपाट, किंवा कडांना रेघा असलेली बाटली, म्हणजे अंधारातही बोटांना कळावं.

आपल्या कॉलेजांतल्या प्रयोगशाळांत हीच पावडर असायची. आयोडीनचं द्रावण प्रमाणित करायला ती वापरत. तिची शिस्त आज अशी की, बरणी घट्ट बंद, तिच्यावर नाव आणि तारीख, कपाटाला कुलूप, वापराची वही. वजन करताना पंखा बंद, शक्यतो धूर ओढून घेणाऱ्या कपाटात. हातात मोजे. सांडली तर झाडायची नाही, कारण ती उडते. ओल्या फडक्याने टिपायची, आणि ते फडकंही विषच समजायचं. सिंकमध्ये काहीही ओतायचं नाही. आणि जस्त व आम्ल यांच्या शेजारी तर ती ठेवायचीच नाही. तिघं एकत्र आले की आर्सीन नावाचा जीवघेणा वायू तयार होतो. गेलन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा 1815 साली त्यानेच बळी घेतला. गंमत म्हणजे जेम्स मार्शने 1836 साली विषप्रयोग पकडण्याची जी प्रसिद्ध चाचणी दिली, ती याच क्रियेवर उभी आहे.

एक सांगून थांबतो. एका कॉलेजात आमच्याकडे काही महिने कारभार होता. साठा तपासताना रसायनांच्या खोलीत पांढऱ्या पावडरीच्या पाच बरण्या निघाल्या, चिठ्ठ्या गळून गेलेल्या. तिथले सेवक म्हणाले, “सर, काळजी नको. कुठल्या बरणीत काय ते मला सगळं पाठ आहे.” ते तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. आम्ही रसायनाच्या प्राध्यापिकांना बोलावलं आणि तिघं जमिनीवर बसलो. दोन बरण्या त्यांनी खात्रीने सांगितल्या. तिसरी हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि म्हणाले, “हा बहुतेक सोमल.” चौथी आणि पाचवी त्यांनी नुसतीच खाली ठेवली. बाईंनी तिन्हींवर लाल शाईने लिहिलं, ‘अज्ञात. विष समजावे.’ आणि त्या कुलपात गेल्या.