शहराची हवा मोजायची, पण नेमकी कुठे?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी मोजणीच्या जागांच्या खुणा केलेला शहराचा नकाशा सरांसमोर ठेवला. त्यांनी विचारलं, "परवानगी सहज मिळाली त्याच जागा घेतल्यास ना? हमरस्त्याला लागून राहणारी माणसं कुठायत यात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून थोडा इतिहास वाचला.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडन पाच दिवस धुरक्यात बुडालं. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसं दगावली. १९६१ मध्ये ब्रिटनने काळा धूर आणि सल्फर डायऑक्साइड मोजणारं देशव्यापी जाळं सुरू केलं. घरोघरच्या कोळशाचा धूर वस्तीभर पसरायचा, त्यामुळे शहरात मोजकी केंद्रं असली तरी भागायचं.

गाड्या वाढल्या आणि गणित बदललं. नायट्रोजन डायऑक्साइड वर्दळीच्या रस्त्याकडेला जास्त असतो, दोनेकशे मीटर आत गेलं की बराच उतरतो. हा फरक पकडायला जागोजागी मोजायला हवं. पण महागडी, विजेवर चालणारी यंत्रं किती लावणार?

वाट सापडली ती कामगारांच्या आरोग्यावरच्या संशोधनातून. १९७६ मध्ये अमेरिकेत पाम्स यांनी सहकाऱ्यांसोबत एक साधी नळी मांडली. लांबी सुमारे सात सेंटिमीटर, एक टोक उघडं, बंद टोकाला ट्रायइथेनॉलअमाइन लावलेली जाळी. पंप नाही, वीज नाही. वायू विसरणाने आत जातो, जाळीवर अडकतो. फिकच्या नियमाने सरासरी निघते. कामगाराच्या अंगावर लावायची ही नळी पुढे रस्त्यावरच्या खांबांवर गेली. तासातासाचा चढउतार मात्र ती सांगत नाही.

१९९० च्या दशकात हडर्सफील्ड, ॲमस्टरडॅम आणि प्राग या शहरांत डेव्हिड ब्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी अशा नळ्या अनेक ठिकाणी लावल्या. मग प्रत्येक जागेभोवतीची वाहतूक, जमिनीचा वापर अशा गोष्टींशी मोजमापांचा संबंध समाश्रयणाने, म्हणजे आपल्या रिग्रेशनने जोडला. त्यामुळे नळी नसलेल्या गल्लीचाही अंदाज बांधता आला. १९९७ मध्ये हे काम छापून आलं. 'लँड यूज रिग्रेशन' म्हणतात ते हेच.

पण मॉडेल शिकतं ते नळ्या असलेल्या जागांवरूनच. सगळ्या नळ्या शांत आवारांत लावल्या, तर हमरस्त्याबद्दलचा त्याचा अंदाज हवेतलाच. आकडेमोड कितीही चोख केली तरी ही चूक नंतर भरून निघत नाही.

मी नकाशा नव्याने केला. परवानग्यांसाठी दोन महिने जास्त गेले. तुम्हीही सॉफ्टवेअर उघडण्याआधी नकाशा उघडा आणि कुणाची हवा मोजायची राहिली ते बघा.